फ्लेक्सवरचं पोट

मला कापसाच्या काट्यावर उभं केलं. जिनिंगच्या आवारात, भरदुपारी, कापूस भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे असताना.

माझ्या आधी काट्यावर कापसाचं एक गाठोडं होतं. ते हमालांनी उतरवलं आणि काटेवाला मला म्हणाला, "चढ." मी चपला काढल्या. वजन तेवढंच कमी भरेल असं वाटलं असेल. काटेवाल्याने आकडा पाहिला आणि रोजच्या सवयीने ओरडला, "एक क्विंटल नऊ!" मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाजूला उभ्या मालकीणबाईंना विचारलं, "ओलावा किती धरू, वहिनीसाहेब?"

कापूस ओला असला की व्यापारी वजनातून काही किलो कापतो. घामाने माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता, त्यावरून तो बोलला. हमाल हसले. ट्रॅक्टरवरचे शेतकरीही हसले. त्यांचाच कापूस तो दरवर्षी असा कापतो, तरी हसले. एक जण ओरडला, "उतर व माय, काटा तुटी जाई!" वहिनीसाहेबांनी तोंडापुढे रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते.

वहिनीसाहेब म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची बायको. संस्थेचं नाव सांगत नाही. जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथली एक संस्था, एवढं पुरे. जिनिंग त्यांची, कॉलेज त्यांचं, आमच्या आदिवासी पोरींचं वसतिगृहही त्यांच्याच संस्थेकडे. त्या वसतिगृहात मी स्वयंपाक करायचे.

झालं असं होतं की कॉलेजच्या हॉलमध्ये व्यायामाचा वर्ग सुरू होणार होता. पिलाटीज म्हणतात त्याला. जळगावहून एक फिजिओथेरपीच्या डॉक्टर मॅडम यायच्या. जाड बायकांनी हा व्यायाम केला तर त्यांच्या रक्तवाहिन्यांवर काय फरक पडतो, यावर त्या अभ्यास करत होत्या. गावातल्या प्राध्यापकांच्या, डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या बायकांनी नावं दिली. तरी मॅडमना एक-दोन बायका कमी पडत होत्या. वहिनीसाहेब म्हणाल्या, "आमची स्वयंपाकवाली घ्या ना. चांगली जाड आहे." बैल दाखवावा तसं मला हाक मारून दाखवलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांची वजनं करायची होती. हॉलमध्ये काचेचा छोटा काटा होता. बायका एकेक करून चढल्या, लाजल्या, हसल्या, उतरल्या. माझी पाळी आली. मी पाय उचलला तेवढ्यात वहिनीसाहेब म्हणाल्या, "थांब थांब, काच फुटेल. हिला जिनिंगवर नेऊ." डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अहो, चालेल, दीडशेपर्यंत जातो हा काटा." पण तोवर सगळ्या बाहेर निघाल्या होत्या. गंमत बघायला.

काट्यावरून उतरताना वहिनीसाहेबांनी मला विचारलं, "तुमच्या लोकांत सगळ्या काटक असतात ना गं? तू कशी अशी?" बाजूच्या बाईने उत्तर दिलं, "फुकटचं रेशन. आणि वर वसतिगृहाचं कोठार हाताशी."

हे मी आधीही ऐकलं होतं. गरीब बाई रोड असली तर लोकांना बरं वाटतं. दया करता येते. गरीब बाई जाड असली की ती चोर. माझ्या अंगावरचा प्रत्येक घास पोरींच्या ताटातून उचललेला, असं गावात सगळे धरून चालायचे. वॉर्डन मधूनच माझी पिशवी तपासायची. पिशवीत मायच्या औषधाची पट्टी आणि छत्री असायची.

मी पोरींच्या ताटातलं कधी खाल्लं नाही. पोरींचं जेवण झाल्यावर उरलेलं खाल्लं. वरण संपायचं, भाजी संपायची. राहायचा तो पातेल्याच्या बुडाचा भात, काल केलेल्या भाकरी, आणि चहा. चुलीपुढे उभं राहून दिवसभर साखरेचा चहा. लहानपणी आमच्या पाड्यावर पोट खपाटीला गेलेलं असायचं. पुढे पोट भरायला लागलं ते अशा अन्नाने. दोन्ही वेळा त्यात माझा काही दोष नव्हता. पण मला तेव्हा तो वाटायचा. मी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. कुणी आलं की घास तसाच गिळायचे.

मग मी त्या वर्गाला गेले कशाला? कापसाच्या काट्यावर उभं केल्यावरही गेले कशाला?

मायमुळे गेले. माय यावलकडच्या केळीच्या बागेत मजुरीला जायची. एका सकाळी घड उचलता उचलता खाली बसली, ती परत उभी राहिलीच नाही. जळगावला नेलं. डोक्यातली नस फुटली, लकवा झाला, असं सांगितलं. अंगाने ती माझ्यासारखीच. रक्तदाब तिला किती वर्षांपासून होता देव जाणे. तेव्हापासून ती वसतिगृहामागच्या माझ्या खोलीत पडून. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. नवरा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. तिला बघायला मी एकटी, आणि मला बघायला कुणी नाही. मी पडले तर आम्ही दोघी त्या खोलीत सडू, ही भीती माझ्या छातीवर बसलेली होती. माय एकदा अर्ध्या तोंडाने म्हणाली, "तू बी मनामायक पडशी का व?" म्हणजे तिच्यासारखी. मी तिची कूस बदलली.

डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी मला तपासलं. रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाला पुरला नाही, म्हणून मांडीचा मोठा पट्टा आणून बांधला. कुणीतरी मागे खुसखुसलं. मग झोपवून हातापायांना पट्टे बांधले, यंत्र लावलं. मॅडमनी यंत्रावरचा आकडा दोनदा पाहिला. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या रक्तवाहिन्या तुमच्या वयापेक्षा खूप म्हाताऱ्या आहेत. जुनं रबर कडक होतं ना, तशा झाल्यात." मी विचारलं, "सुधारतील?" त्या म्हणाल्या, "सुधारू शकतात. रक्तदाबाची गोळी चालू ठेवा आणि वर्ग चुकवू नका."

एवढ्यासाठी गेले. जगायचं होतं म्हणून.

तिथे माझी चटई वेगळी होती. बाकीच्यांच्या जांभळ्या, निळ्या, गुबगुबीत. माझी वसतिगृहातली फाटकी, कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी. वहिनीसाहेबांनीच ठरवलं होतं, "हिला घाम फार येतो." घाम त्यांनाही यायचा. वर्ग सुरू होण्याआधी सगळ्यांच्या चटया मी अंथरायच्या आणि संपल्यावर पुसून गुंडाळायच्या, हेही आपोआप ठरून गेलं. हातांनी पुसलेलं चालायचं. अंग टेकलेलं चालत नव्हतं.

त्या सगळ्या तंग कपड्यांत यायच्या. मी गाऊनखाली सलवार घालून. पाय वर करायला सांगितलं की गाऊन घसरायचा आणि फोन वर व्हायचे. माझे व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर फिरतात, हे मला वॉर्डनने हसत हसत सांगितलं. मी घरी येऊन चुलीत लाकडं कोंबली आणि रडले. धूर झाला म्हणून रडते, असं मायला सांगितलं.

पण व्यायाम खरा होता. हे मला कबूल करायलाच हवं. त्यात उड्या नाहीत, धावणं नाही. उताणं पडायचं, बेंबी आत पाठीकडे ओढायची, श्वास फासळ्यांत भरायचा आणि हळू सोडायचा. कंबर मणक्यामणक्याने उचलायची. पाय अधांतरी धरायचे. दिसायला काहीच नाही, पण आतून अंग थरथरायचं. पहिल्या आठवड्यांत मला कंबर उचलताच येईना. मग एकदा उचलली गेली. जमिनीपासून वीतभर. कुणी पाहिलं नाही. मला एवढा आनंद झाला की कोपऱ्यात झाडूकडे बघून मी एकटीच हसले. जन्मभर हे अंग मी ओझं म्हणून वाहिलं होतं. ते माझं ऐकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पोरींच्या भाकरी करून झाल्या की खोलीत मायच्या खाटेशेजारी पडून तेच करायचे. जिना चढताना धाप कमी झाली. सकाळचं डोकं दुखणं गेलं.

काही महिन्यांनी मॅडमनी सगळ्यांना पुन्हा तपासलं. माझं वजन होतं तेवढंच होतं, किलोभर इकडे तिकडे. मी मान खाली घातली. मॅडम मात्र यंत्रावरून उठल्या आणि माझा हात धरला. "मावशी, तुमच्या नसा खूप मऊ झाल्यात. वर्गात सगळ्यांत जास्त फरक तुमच्यात आहे. रक्तदाबही उतरलाय." त्यांचे डोळे खरंच आनंदाने चमकत होते. मी विचारलं, "वजन उतरलं नाही तरी?" त्या म्हणाल्या, "वजन वेगळं, नसा वेगळ्या."

मी खोलीत गेले आणि मायला सांगितलं. मायला किती कळलं माहीत नाही. तिने चांगल्या हाताने माझा दंड चाचपला, जणू मऊ झालेली नस तिला हाताला लागणार होती.

मग संस्थेने समारंभ ठरवला. वर्गाच्या यशाचा. आमच्याकडे वाढदिवस असो, निवड असो की नुसतं कुणी गावात येणार असो, आधी फ्लेक्स लागतो. हाही लागला. कॉलेजच्या गेटवर, दोन माणसं उंच.

मी बाजारातून मेथी घेऊन येत होते. फ्लेक्सच्या उजव्या अर्ध्यात वहिनीसाहेब होत्या, गुलाबी कपड्यात, कमरेवर हात, खाली अक्षरं 'नंतर'. त्यांनी वजन उतरवलं होतं, ते खरं. डाव्या अर्ध्यात एक पोट होतं. गाऊन वर सरकलेलं, उघडं, लोंबणारं. वर मुंडकं नाही. गळ्यापाशी कापलेलं. खाली 'आधी'.

तो गाऊन माझा होता. कोपरापाशी तव्याचा जुना भाजल्याचा डाग, तोही माझा.

गेटमध्ये वसतिगृहाच्या पोरी उभ्या होत्या. त्यांनीही डाग ओळखला होता. त्यांतली एक माझ्याकडे रोज जास्तीची अर्धी भाकर मागायची आणि मी द्यायचे. तीच म्हणाली, "मावशी, हाई तुमनंच शे ना?" आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. आमच्याच पाड्यांवरच्या पोरी. त्या हसण्याने मी जेवढी मेले तेवढी काट्यावर मेले नव्हते.

मी मेथीची पिशवी तशीच घेऊन मॅडमकडे गेले. त्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, माझा फोटो लावला. मला विचारलं नाही."

त्यांनी नजर चुकवली. "चेहरा दिसत नाही ना मावशी."

"पण माझ्यात फरक पडला. तुम्हीच म्हणालात. मग मी 'आधी' कशी?"

मॅडमनी उसासा टाकला. आजही तो मला ऐकू येतो. म्हणाल्या, "मावशी, लोकांना नसा दिसत नाहीत. पोट दिसतं. हॉल त्यांचा आहे, वर्ग त्यांच्यामुळे चालतोय. समजून घ्या. आणि उद्या दोन मिनिटं स्टेजवर या. तुम्ही आलात तरच पुढच्या वर्गात तुमचं नाव राहील, असं वहिनीसाहेब म्हणाल्यात."

म्हणजे सौदा असा होता. नसा हव्या असतील तर पोट दाखव. मला मॅडमचा राग वहिनीसाहेबांपेक्षा जास्त आला. वहिनीसाहेबांना नसांचं काही माहीत नव्हतं. मॅडमना सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून गेले. घाबरून गेले, खोटं कशाला बोलू. मायचं वाकडं तोंड डोळ्यापुढे ठेवून गेले. दोन मिनिटं उभी राहीन, गप्प राहीन, परत येईन, असं मनाशी ठरवलं होतं. हॉल भरला होता. अध्यक्ष, प्राध्यापक, पुढच्या रांगेत बायका, मागे कॉलेजची पोरं फोन उभे धरून. माझं नाव घेतलं नाही. सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपण पाहू या, आधीची अवस्था." मी चढले. वहिनीसाहेब आधीच वर उभ्या होत्या. टाळ्या पडल्या.

त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि माईक बाजूला धरून म्हणाल्या, "गोल फिर जरा. पदर काढ पोटावरून, दिसू दे."

पदराला हात गेला माझा. खरंच गेला. आयुष्यभर सांगितलं ते केलेलं, हाताला दुसरं काही येतच नव्हतं. बोटांत पदर धरला आणि तिथेच हात थांबला. मी पदर सोडला नाही, उलट कमरेला खोचला. माईक त्यांच्या हातातून घेतला.

"मी फिरणार नाही," मी म्हटलं. "पोट माझं आहे. मी कुणाची 'आधी' नाही."

बस्स, एवढंच. मग मागून एक शिट्टी आली आणि पोरं हसायला लागली. माझं बोलणं लोकांना भिडलं, कुणी टाळी वाजवली, असं काही झालं नाही. अध्यक्ष कुणाला तरी म्हणाले, "खाली घ्या तिला." मॅडम खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत होत्या. मी माईक टेबलावर ठेवला आणि आपणहून उतरले.

तिथून सरळ स्वयंपाकघरात गेले. भाजीची सुरी घेतली. गेटवर आले, कठड्यावर चढले आणि फ्लेक्स मधोमध उभा कापला. माझा अर्धा भाग काढून खोलीवर नेला. त्यांचा अर्धा राहू दिला. वॉचमन म्हणाला, "मावशी, नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." तोंडाने म्हटलं.

नोकरी गेलीच. संध्याकाळी वॉर्डन खोलीच्या दारात येऊन सांगून गेली, स्वयंपाकाला दुसरी बाई बघितली आहे, खोली महिनाअखेर रिकामी करा, आणि वर्गाकडे फिरकायचं नाही. मायने ऐकलं. ती अर्ध्या तोंडाने म्हणाली, "भाकर गयी आते आपली." मला वाटलं होतं ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिचंही चुकलं नाही. भाकर खरंच गेली होती.

सोमवारी वर्गाची वेळ झाली. मी गेले. हॉलचं दार लावलेलं. माझी चटई वसतिगृहाची म्हणून वॉर्डनने आधीच उचलून नेली होती. मग मी घरून फ्लेक्सचा तुकडा आणला. आमच्याकडे जुन्या फ्लेक्सचं छपरावर झाकण करतात, खळ्यावर अंथरतात. मी तो दाराबाहेरच्या ओट्यावर अंथरला. छापील बाजू खाली, पांढरी वर. आणि उताणी पडले.

आतून मॅडमचा आवाज येत होता. "श्वास घ्या. बेंबी आत. सोडा." आवाजाला कुलूप लावता येत नाही. त्या आत सांगत होत्या, मी बाहेर करत होते.

उशिरा येणाऱ्या दोघी-तिघी माझ्या बाजूने गेल्या. एकीने साडी उचलून धरली, चिखलातून जाताना धरतात तशी. मग वहिनीसाहेब आल्या. मी सवयीने पाय जवळ घेतले, त्यांना वाट दिली. त्या थांबल्या.

"ऊठ. इथे तमाशा नको."

"उठणार नाही."

"वॉचमनला बोलावू?"

"बोलवा. पण एकट्याने उचलली जाणार नाही मी."

त्या आत गेल्या आणि दार जोरात आपटलं. मॅडमचा आवाज क्षणभर बंद पडला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा थोडा मोठ्याने. त्यांनी तो माझ्यासाठी मोठा केला असेल, असं मी मानत नाही. तेवढं देणं त्यांच्याकडून मला नको आहे.

आता मी बस स्टँडजवळच्या एका खानावळीत भाकरी थापते. मायला घेऊन एका पत्र्याच्या खोलीत राहते. मायचं मन अजून माझ्याकडे वळलेलं नाही. माझं वजन तेवढंच आहे. जेवताना मी खानावळीच्या मधल्या बाकावर बसते, रस्त्याकडे तोंड करून, आणि चावून जेवते. लोक बघतात. पोरं अजून 'आधी, आधी' म्हणून ओरडतात. ऐकू येतं, आणि दर वेळी लागतं. लागायचं थांबलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

वर्गाच्या दिवशी मी ओट्यावर जाते. दोनदा मला हाकललं, एकदा ओट्यावर पाणी ओतलं. ओल्यात पडले. माझ्या नसा कुणाच्या मेहेरबानीने मऊ झालेल्या नाहीत, मी अंग थरथरेपर्यंत ते केलं आहे, आणि ते मी सोडणार नाही. आतल्यांना दारापर्यंत जायला माझ्यावरूनच जावं लागतं. त्यांनी जावं. ओलांडावं, वळसा घालावा, साडी उचलावी. मी आता पाय जवळ घेत नाही.